आईविना पिल्लू घरात आलं तर...

पावसाळ्याचे दिवस होते. सकाळी पाण्याची वेळ, नळावर हंड्यांची रांग, आणि आमच्या दारात चार मुलं खोकं धरून उभी. "मावशी, जय भीम. ह्यांची आई मेली." खोक्यात ओला पेपर आणि त्यावर कुत्र्याची तीन पिल्लं. डोळे मिटलेले, अंग गार. विहाराच्या मागच्या जिन्याखाली ती कुत्री व्याली होती. रात्री मेन रोडवर डंपरखाली गेली.

आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा केला तो माणसांच्या सेवेसाठी. बाळंतिणींच्या वॉर्डात, कमी वजनाच्या बाळांच्या काचेच्या पेट्यांजवळ कितीतरी रात्रपाळ्या काढल्या. पण कुत्र्याचं पिल्लू कसं जगवायचं, हे तिथं कुणी शिकवलं नव्हतं. त्या तिघांपैकी एक पहिल्याच रात्री गेलं आणि ते आपल्याच माणसांच्या मायेने गेलं. दोन जगली. त्यातून जे शिकलो, जनावरांच्या डॉक्टरांना विचारून जे पक्कं केलं, ते इथे लिहीत आहोत.

आरोग्याच्या पानावर कुत्र्याचं काय काम, असं कुणी विचारेल. वस्तीतली मुलं पिल्लू उचलून आणणारच. आपण ओरडलो तर लपवून ठेवतील. पिल्लासोबत जंत येतात, पिसवा येतात, चावण्याचा प्रश्न येतो. म्हणून हे घरातल्या मोठ्यांना माहीत असलं पाहिजे.

आधी आई खरंच नाही ना, ते बघा

पिल्लं एकटी दिसली म्हणजे ती पोरकी झाली असं नाही. कुत्री खायला शोधत फिरते आणि काही वेळाने परत येते. पिल्लांची पोटं भरलेली असतील, ती एकमेकांना चिकटून शांत झोपली असतील तर हात लावू नका. लांबून लक्ष ठेवा. आई असताना पिल्लं उचलणं म्हणजे त्यांना आपणच पोरकं करणं.

आई मेल्याचं नक्की असेल तर जवळपास दुसरी व्यालेली कुत्री आहे का, ते बघा. कधी कधी अशी कुत्री परकी पिल्लंही घेते. तिच्या दुधाची बरोबरी आपल्या कुठल्याच दुधाला नाही. मात्र हे काम तिला रोज खाऊ घालणाऱ्या मोठ्या माणसानेच करावं. व्यालेली कुत्री चावते, मुलांना पुढे करू नये.

आणि एक महत्त्वाचं. आई मरण्यापूर्वी विचित्र वागत होती का, उगाच अंगावर धावून येत होती का, तोंडातून लाळ गळत होती का? तसं असेल तर पिल्लांना हात लावू नका. महापालिकेच्या किंवा सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. ज्यांनी आधीच हाताळलं असेल त्यांनी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पहिलं काम दुधाचं नाही, उबेचं

आमच्याकडे चूक झाली ती इथेच. आम्ही खोकं घरात ठेवून कामाला गेलो. शेजारच्या आजींना पिल्लांचा कळवळा आला. त्यांनी वाटीत म्हशीचं दूध घेतलं, कापसाची वात भिजवली, पिल्लाला तान्ह्या बाळासारखं मांडीवर उताणं घेतलं आणि पाजलं. गार पडलेल्या पिल्लाला गिळता येत नव्हतं. दूध नाकातून आलं, छातीत उतरलं. रात्री ते घरघर करत गेलं. आजींना आम्ही बोललो नाही. त्यांनी सहा लेकरं अशीच वाढवली होती. सांगायला हवं होतं ते आम्ही.

पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. गार पिल्लाचं पोट चालत नाही, दूध पचत नाही. कमी वजनाच्या बाळाचंही असंच असतं, आधी ऊब, मग दूध.

पुठ्ठ्याचं खोकं घ्या. खाली पेपर, वर जुन्या सुती साडीच्या घड्या. प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण घट्ट लावून, टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा. दुसरी बाजू मोकळी राहू द्या, म्हणजे फार गरम झालं तर पिल्लाला सरकता येतं. दोन-तीन तासांनी पाणी बदला. पहिल्या आठवड्यात खोक्यात २९ ते ३२ अंश सेल्सिअस ऊब हवी, पुढे हळूहळू कमी चालते. आपल्या पत्र्याच्या घरात उन्हाळ्याच्या दुपारी हे उलटं होतं. तेव्हा बाटली काढा आणि खोकं सावलीत हलवा.

फारच गार पडलेलं पिल्लू आपल्या पोटाशी, कपड्याच्या आत धरा. तास-दोन तास लागतील. गरम पाण्याने अंघोळ घालू नका, चुलीजवळ ठेवू नका. अंगात ऊब आली, पिल्लू तोंड हलवायला लागलं, की मगच दूध.

कोणतं दूध, किती आणि कधी

कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या जवळपास दुप्पट प्रथिनं आणि स्निग्धांश असतात. साखर मात्र कमी असते. म्हणून नुसत्या गाईच्या दुधावर पिल्लं खंगतात आणि त्यांना जुलाब लागतात. पाणी घातलेल्या दुधाने तर आणखीच.

सगळ्यात चांगली ती पिल्लांसाठीची दूध पावडर. जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळते. महाग आहे. आम्ही गल्लीत वर्गणी काढली, डबा तिन्ही घरांत मिळून वापरला. माणसाच्या बाळाची पावडर त्याऐवजी चालत नाही.

पावडर मिळेपर्यंत एक-दोन दिवस भागवायचं असेल तर घरी असं करता येतं: एक कप उकळलेलं सायीचं दूध, दोन अंड्यांचा फक्त पिवळा बलक, एक छोटा चमचा खाण्याचं तेल. दूध कोमट होत आलं की बलक घालून नीट घोटा आणि गाळून घ्या. साखर, मध, गूळ, पाणी काही नाही. उरलेलं फ्रीजमध्ये, फ्रीज नसेल तर प्रत्येक वेळी थोडंच करा. ही सोय तात्पुरती आहे.

प्रमाणासाठी वजन लागतं. किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वाटीत ठेवून पिल्लू तोलता येतं. लहान पिल्लाच्या पोटात एका वेळी १०० ग्रॅम वजनामागे साधारण ४ मिली दूध मावतं. म्हणजे ३०० ग्रॅमच्या पिल्लाला एका वेळी १२ मिलीच्या वर नाही. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी ८ ते १० मिली, रात्रीसुद्धा. दुसऱ्या आठवड्यात दर तीन-चार तासांनी, तिसऱ्यात चार-पाच तासांनी. रोज त्याच वेळी वजन करून वहीत लिहा. वजन रोज थोडं वाढलं पाहिजे, आठ-दहा दिवसांत जन्माच्या दुप्पट. दोन दिवस वाढलं नाही तर डॉक्टर गाठा.

पोटावर ठेवूनच पाजा

पिल्लू आईला पितं ते पालथं, पोटावर, मान किंचित वर करून. आपणही तसंच पाजायचं. घडी घातलेल्या टॉवेलवर त्याला पालथं ठेवा. उताणं कधीच नाही.

मेडिकलमधून २ किंवा ५ मिलीची सिरिंज आणा आणि सुई काढून टाका. दूध मनगटावर टाकून बघा, कोमट लागलं पाहिजे. ओठाच्या कडेने एकेक थेंब सोडा, एक गिळला की दुसरा. दट्ट्या जोरात दाबला की दूध श्वासनलिकेत गेलंच म्हणून समजा. बाटली वापरली तर ती उलटी केल्यावर बुचाच्या भोकातून थेंब थेंब पडलं पाहिजे, धार नको. कापसाची वात नको.

नाकातून दूध आलं तर लगेच थांबा, डोकं खाली करून पुसा. पाजल्यावर खांद्याशी धरून पाठ हळू चोळा. सिरिंज, बाटली गरम पाण्याने धुऊन उकळून घ्या.

हे झाल्यावर आणखी एक काम असतं, जे बहुतेकांना ठाऊक नसतं. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपलं आपण शी-शू करता येत नाही. आई जिभेने चाटते तेव्हा होते. आई नसेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पोटाखाली आणि शेपटीखाली हलक्या हाताने पुसावं लागतं, प्रत्येक वेळी पाजल्यावर. नाहीतर पोट फुगतं आणि दूध नीट देऊनही पिल्लू मरतं.

पिसवा दिसल्या तर बारीक फणीने काढा. त्या रक्त पितात, एवढ्याशा जिवाला ते सोसत नाही. पण रॉकेल, डांबराच्या गोळ्या, उवांचं औषध, किड्यांची पावडर यातलं काहीही लावू नका. तापाची पॅरासिटामॉल, अंगदुखीच्या गोळ्या, मुलांची उरलेली औषधंही नाहीत. आपल्याला चालणारं औषध कुत्र्याला विष ठरू शकतं.

डोळे उघडले, दात आले

साधारण १० ते १४ दिवसांत डोळे उघडतात, मग कान. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दात येतात आणि पिल्लू लटपटत चालायला लागतं. तेव्हा पसरट ताटलीत पावडरच्या दुधात मऊ भात किंवा भाकरी कुस्करून द्या. मग उकडलेलं अंडं, उकडलेल्या कोंबडीचं कुस्करलेलं मांस, बिनतिखटाचं. सहा-सात आठवड्यांत दूध सुटतं. कांदा, लसूण, चहा, चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे आणि शिजवलेली हाडं देऊ नका.

भावंडं शक्यतो आठ आठवडे एकत्र राहू द्या. एकमेकांशी खेळताना चावा किती जोरात लागतो, हे ती शिकतात. एकट्या वाढलेल्या पिल्लाला ते कळत नाही आणि ते मुलांना जोरात चावतं.

जंत, लस आणि आपली मुलं

पिल्लांना जंत आईच्या पोटातूनच आणि दुधातून येतात. म्हणून दोन आठवड्यांचं झाल्यापासून जंताचं औषध सुरू करतात आणि दर दोन आठवड्यांनी देतात. प्रमाण वजनावर ठरतं, ते डॉक्टरांकडूनच घ्या. या जंतांची अंडी विष्ठेतून मातीत जातात, तिथून मुलांच्या हाताला आणि पोटात. क्वचित त्यांच्या अळ्या डोळ्यापर्यंत पोचतात आणि नजर जाते. म्हणून विष्ठा रोज उचला, पिल्लाला हात लावल्यावर साबणाने हात धुवा, अंथरुणात घेऊ नका.

सहा ते आठ आठवड्यांत पार्व्हो आणि डिस्टेंपरची पहिली लस, पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस. खासगी दवाखाना परवडत नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे. परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

आता आमच्या गल्लीत घडलेलं सांगतो. पिल्लं सहा आठवड्यांची असताना चार वर्षांच्या एका मुलीच्या हातावर खेळता खेळता दात लागला, रक्त आलं. तिच्या आईने हळद लावली. आम्हाला संध्याकाळी कळलं. एका दवाखान्यात नेलं तर उत्तर मिळालं, "घरचं पिल्लू आहे ना, काही होत नाही." आम्ही उठलो नाही. पिल्लाच्या आईला लस दिलेली नव्हती, पिल्लालाही नव्हती. वय लहान म्हणून रेबीज होत नाही, असं काही नसतं. तासभर बोललो तेव्हा लस मिळाली आणि जखमेत द्यायचं इंजेक्शनही. ० म्हणजे पहिला दिवस, मग ३, ७ आणि २८ अशा चारही तारखा आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवल्या आणि तिला घेऊन गेलो. मुलगी आणि पिल्लू दोघं ठणठणीत आहेत. म्हणून आमची धावपळ वाया गेली, असं आम्ही मानत नाही. रेबीजची लक्षणं दिसल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही. जगात संशयित जनावरं ज्यांना चावतात त्यांच्यात १५ वर्षांखालची मुलं सुमारे ४० टक्के असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

रात्री कोण उठणार?

शेवटी घरातलं बोलू. पिल्लू मुलं आणतात, नाव मुलं ठेवतात आणि रात्री दोन वाजता उठते ती आई. सकाळी तिला चार घरची धुणी-भांडी असतात. हे आम्हाला मान्य नव्हतं. आम्ही वहीत पाळ्या लावल्या. संध्याकाळी सहावी-सातवीतली मुलं, रात्री अकराला रिक्षा लावून येणारे एक दादा, दोनला आम्ही, पहाटे पाचला आजी. हो, त्याच आजी. पालथं धरून थेंब थेंब पाजण्यात पुढे त्यांचा हात सगळ्यांत हलका निघाला.

ज्या घरात माणसं कमी आहेत, कुणी आजारी आहे, तान्हं बाळ आहे, त्यांनी नाही म्हणावं. त्यात कमीपणा नाही. पण हो म्हटलं तर अर्ध्यावर सोडू नये.

राणी आता गल्लीतल्याच एका घरी असते. काळ्या विहाराच्या जिन्याशी. दोघांच्या लसी झाल्या, सहा महिन्यांनंतर नसबंदी करून घेतली. काळ्याच्या कानाला त्याची खूण आहे. यंदा जिन्याखाली कुत्री व्याली नाही.

कापून भिंतीला लावा

• आधी ऊब, मग दूध. गार पिल्लाला पाजू नका.
• पालथं ठेवूनच पाजा. एका वेळी १०० ग्रॅम वजनाला ४ मिलीच्या वर नाही.
• पाजल्यावर ओल्या कापसाने पुसून शी-शू करवा.
• सतत रडणं, पोट फुगणं, पातळ शी, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, दूध न ओढणं: त्याच दिवशी डॉक्टर.
• दात किंवा नख लागलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची नको. त्याच दिवशी दवाखाना, आणि लसीचे सगळे डोस पूर्ण करा.