सत्तावन्नचं पिस्तूल आणि कान्होजींची तोफ

"दादा, सत्तावन्नच्या बंडातलं पिस्तूल सापडलंय. माळ्यावरच्या पेटीत. तू ये आधी."

चौलहून मावसभावाचा फोन होता. पावसाळ्याच्या तोंडावर त्यानं घराची कौलं चाळायला काढली होती. माळा रिकामा करताना पणजोबांची शिसवी पेटी निघाली, आणि तिच्या तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं तळहाताएवढं रिव्हॉल्वर. त्या घरात एक कथा पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. खापरपणजोबा बंडात होते, त्यांनी गोऱ्या साहेबाचं पिस्तूल हिसकावलं आणि गलबतात बसून रातोरात चौल गाठलं. कथेचा पुरावा आता हाताशी आला होता.

"हात लावू नकोस," मी म्हटलं. "घोडा ओढून बघू नकोस, चाप तर मुळीच नको. आधी पोलीस ठाण्यात फोन कर."

तो हिरमुसला. पण शंभर वर्षांचं काडतूससुद्धा कधी कधी उडतं, आणि आत काडतूस आहे की नाही हे ओळखण्याची जागा घराचा माळा नव्हे. दुसऱ्या दिवशी ठाण्यातल्या टेबलावर, जाणकारानं ते रिकामं असल्याची खात्री केल्यावर, मी खिशातलं भिंग काढलं.

माझी नोकरी ओतशाळेत गेली. तीस वर्षं पॅटर्न शॉपमध्ये लाकडाचे नमुने घडवले. त्या नमुन्यांवरून वाळूत साचे व्हायचे आणि साच्यात बीड ओतलं जायचं. निवृत्त होऊन अलिबागला आलो तेव्हा समोरच्या कुलाबा किल्ल्यातल्या तोफांनी ओढून घेतलं. ओतीव धातूवरचा ठसा दिसला की माझी पावलं अडतात. मला तोफा नि बंदुका उडवण्यात काडीचा रस नाही, त्यांचं वय काढण्यात आहे.

टेबलावरचं रिव्हॉल्वर गंजानं तांबूस झालं होतं, मुठीच्या लाकडाला वाळवी लागली होती. पहिली खूण घोड्याच्या टोकाशी. नेहमीच्या रिव्हॉल्वरमध्ये घोड्याचा आघात काडतुसाच्या बुडाच्या मधोमध बसतो, कारण पेट घेणारी टिकली तिथं असते. याचं टोक मात्र चपटं होतं आणि मध्य सोडून कडेला आपटणारं. ही जात रिमफायर. यात पेट घेणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या दुमडलेल्या काठात भरलेला असतो. काठ चेपला की आतली दारू पेटते.

बंडाच्या कथेला पहिला तडा इथंच गेला. सत्तावन्नमध्ये इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला असायची ती अ‍ॅडम्स किंवा कोल्ट बनावटीची रिव्हॉल्वरं. त्यांत दारू आणि गोळी समोरून भरायची आणि मागच्या टोकावर तांब्याची टोपी बसवायची. गंमत म्हणजे रिमफायर काडतुसाचं पहिलं यशस्वी रिव्हॉल्वर अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीनं बाजारात आणलं तेही १८५७ मध्येच. म्हणजे मेरठला ठिणगी पडली त्या वर्षी हा प्रकार सातासमुद्रापार नुकताच जन्माला येत होता.

दुसरी खूण भिंगाशिवाय दिसलीच नसती. काडतुसांच्या फिरत्या नळकांड्यावर तांदळाच्या दाण्याएवढा लंबगोल, त्यात ई, एल, जी ही तीन रोमन अक्षरं, खाली चांदणी आणि लंबगोलाच्या डोक्यावर इवलासा मुकुट. हा बेल्जियममधल्या लीएज शहराच्या चाचणीगृहाचा ठसा. तिथं प्रत्येक हत्यारात नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढत, आणि ते टिकलं तरच ठसा मारत. लीएजच्या कारखान्यांनी एकोणिसाव्या शतकात स्वस्त रिव्हॉल्वरं जगभर पाठवली. त्यांचं वय काढणाऱ्या संग्राहकांना त्या मुकुटाचं महत्त्व ठाऊक असतं, कारण लंबगोलावर तो चढला १८९३ मध्ये. त्याआधीच्या ठशांवर मुकुट नाही.

म्हणजे हे रिव्हॉल्वर बंडानंतर निदान छत्तीस वर्षांनी घडलेलं. भावाचा चेहरा बघवेना.

मी त्याला माझा एकुलता एक नियम सांगितला. ठसा कधी जन्मतारीख सांगत नाही, तो फक्त "याच्या आधीचं नाही" एवढंच म्हणतो. वस्तू घडतानाच पडलेल्या दहा खुणा असतील तर त्यांतली सगळ्यांत नवी खूण शोधायची. वस्तू तिच्याहून जुनी असूच शकत नाही.

या नियमाची उलटी बाजू अमेरिकन संग्राहकांना चांगली ठाऊक आहे. स्मिथ अँड वेसनच्या सुरुवातीच्या रिव्हॉल्वरांवर ३ एप्रिल १८५५ अशी तारीख असते. वाचणारा म्हणतो, झालं, पंचावन्न सालचं रिव्हॉल्वर. पण ती पेटंटची तारीख. रॉलिन व्हाइट नावाच्या माणसानं आरपार भोकं पाडलेल्या नळकांड्याचं पेटंट त्या दिवशी मिळवलं, आणि कंपनीनं दर नगामागं २५ सेंट देऊन ते वापरलं. १८६५ मध्ये बनलेल्या रिव्हॉल्वरवरही तीच तारीख. १८६९ मध्ये पेटंटची मुदत संपली आणि मग इतर कारखानदारांनी रिमफायर रिव्हॉल्वरांचा नुसता पाऊस पाडला.

हीच चूक आम्ही अलिबागकर जरा मोठ्या मापात करतो. ओहोटी लागली की पर्यटक घोडागाडीतून नाहीतर पायीच कुलाबा किल्ल्यात जातात. चुना न वापरता नुसते चिरे रचून उभी केलेली तटबंदी बघतात, सिद्धिविनायकाला नमस्कार करतात, आणि उत्तरेकडच्या तटाशी चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या दोन तोफांपुढं फोटो काढतात. "ही कान्होजींची तोफ," कुणी तरी पोराला सांगतं. मी जवळ असलो तर पोराला अक्षरं वाचायला लावतो. त्या जोडीवर डॉसन, हार्डी आणि लो मूर आयर्न वर्क्स, यॉर्कशायर, इंग्लंड अशी नावं आहेत. लो मूरचा हा लोखंडाचा कारखाना ब्रॅडफर्ड शहराजवळ सुरू झाला १७९१ मध्ये. कान्होजी आंग्रे वारले १७२९ मध्ये. मध्ये बासष्ट वर्षांची दरी. कान्होजींनी या किल्ल्यातून १७२१ मध्ये मिळून चालून आलेल्या इंग्रज आणि पोर्तुगीजांना परतवलं, हे सूर्यप्रकाशाइतकं खरं आहे. फक्त या तोफा तेव्हा नव्हत्या.

नाव कशावर आहे तेही बघायला हवं. नाव गाड्यावर असेल तर ते गाड्याचं वय सांगतं, नळीवर असेल तर नळीचं. लाकडी गाडे समुद्राच्या हवेत कुजतात, लोखंडी गंजतात. एकेका नळीनं आयुष्यात दोन-तीन गाडे पाहिलेले असतात.

आता ओतशाळेतली एक युक्ती. अक्षर उठावाचं आहे की खोदलेलं, हे बोट फिरवून बघा. उठावाचं अक्षर साच्यातच होतं, म्हणजे तोफेबरोबर जन्मलं. खोदलेलं अक्षर छिन्नीनं नंतर पाडलं, त्याच दिवशी किंवा शंभर वर्षांनी. इंग्रजी तोफांवर मुकुट आणि राजाच्या नावाची अक्षरं बहुधा उठावाची असतात. जी.आर. आणि सोबत ३ चा आकडा असेल तर तिसरा जॉर्ज, म्हणजे १७६० ते १८२०. हृदयाच्या आकारात व्ही, ई, आय, सी ही अक्षरं दिसली तर ती ईस्ट इंडिया कंपनीची. नळीच्या दोन्ही बाजूंना जे खुंट निघतात आणि ज्यांवर तोफ गाड्यावर तोलली जाते, त्यांच्या टोकांवर बनवणाऱ्याचं नाव किंवा आद्याक्षर सापडतं. स्कॉटलंडच्या कॅरन कारखान्याचं पूर्ण नाव असतं, तर स्वीडनच्या फिन्सपाँगचं नुसतं एफ.

वजनाचे आकडे मात्र नेहमी खोदलेलेच, आणि त्याला कारण आहे. तोफ ओतून, भोक पाडून, काट्यावर चढवल्याखेरीज वजन कळणार कसं? हे आकडे फार फसवतात. समजा बुडाशी २४-१-१४ असं खोदलंय. आपण लगेच वाचतो, २४ जानेवारी १८१४. प्रत्यक्षात ते २४ हंड्रेडवेट, १ क्वार्टर आणि १४ पौंड. हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड, क्वार्टर २८ पौंडांचा. गुणाकार-बेरीज केली की २,७३० पौंड, म्हणजे साधारण १,२३८ किलो. हे ऐकून एकदा एक शाळकरी मुलगी म्हणाली होती, "म्हणजे आजोबा, ही तारीख नाहीच, हा वजनकाटा आहे!" मी तेव्हापासून तिचंच वाक्य वापरतो.

अक्षरं झिजली असतील तर आकार बोलतो. बुडाच्या टोकाला लाकडी लाटण्याच्या मुठीसारखं बोंड असतं. त्यावर दोर ओवायला कडी असेल तर ती इंग्रजी घडण बहुधा १७९० च्या सुमारानंतरची. तोंडाचा व्यास टेपनं मोजा. सुमारे ११.७ सेंटीमीटर भरला तर १२ पौंडी गोळ्याची तोफ, १४.८ भरला तर २४ पौंडी. लाल गंज म्हणजे लोखंड किंवा बीड, हिरवट थर म्हणजे कांसं.

आमच्या किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्यानं बिडाचे पापुद्रे सुटतात आणि पहिली जातात ती अक्षरंच. म्हणून सकाळी लवकर जावं. तिरप्या उन्हात जे दिसतं ते भर दुपारी दिसत नाही. ऊन नसेल तर मोबाइलची बॅटरी बाजूनं धरावी. खडू फासणं, तारेच्या ब्रशनं घासणं हे पाप, आणि संरक्षित स्मारकात गुन्हासुद्धा. शिवाय किल्ल्याच्या वयावरून तोफेचं वय काढू नये. खांदेरीची उभारणी १६७९ ची, कोर्लई आणि रेवदंडा १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे, जंजिरा सिद्दींकडे. पण किल्ला पडला की तोफा जिंकणाऱ्याच्या. कुणी त्या दुसऱ्या किल्ल्यावर नेल्या, कुणी कानात खिळे ठोकून तिथंच निकामी केल्या. तट जागचा हलत नाही, तोफ हलते.

रिव्हॉल्वरच्या बाबतीत कायद्याचं बोलायलाच हवं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कालबाह्य किंवा पुराण-मोलाच्या आणि दुरुस्त करूनही उडवता न येणाऱ्या हत्यारांना सूट आहे. पण एखादं हत्यार त्यात बसतं की नाही, हे घरच्यांनी ठरवायचं नसतं. आधी कळवावं, मग अभिमान बाळगावा. भावानं अर्ज लिहून दिला, पोच घेतली आणि वस्तू तिथंच ठेवून आम्ही बाहेर पडलो.

रेवदंड्याच्या नाक्यावर चहा घेताना त्यानं विचारलं, "मग आमची कथा खोटी का रे दादा?"

"कथा मी कुठं तपासली?" मी म्हटलं. "नळी वेगळी, गाडा वेगळा. बंडाची गोष्ट खरी असेलही. तिच्यावर हे पिस्तूल कुणी तरी नंतर बसवलं."

तो गप्प राहिला. घरी पोचल्यावर मावशीपुढं बसला आणि त्यानं वेगळाच प्रश्न टाकला, "आई, त्र्याण्णवनंतर आपल्या घरातलं कोण बाहेरदेशी होतं?"

मावशी ओटीवर सुपारी कातरत होती. अडकित्ता थांबला. "तुझ्या पणजोबांचा धाकटा भाऊ आगबोटीवर होता म्हणे," ती म्हणाली. "त्याचं नावसुद्धा आता कुणी घेत नाही."

भाऊ उठला आणि त्यानं शिसवी पेटी पुन्हा उजेडात ओढली. या वेळी तो कागद शोधत होता.