गिलियडमध्ये नवं काहीच नाही

१९८४ च्या वसंतात मार्गारेट अॅटवूड पश्चिम बर्लिनमध्ये राहत होत्या. शहराला भिंतीचा वेढा होता आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्याला शेजाऱ्याचा भरवसा नव्हता. भाड्याने आणलेल्या जर्मन टंकयंत्रावर त्यांनी तिथे एक कादंबरी लिहायला घेतली. १९८५ मध्ये ती ‘द हँडमेड्स टेल’ या नावाने आली. लिहिताना त्यांनी स्वतःला एक अट घालून घेतली होती : माणसांनी कुठे ना कुठे, कधी ना कधी खरोखर केलेलं नाही, असं काहीही या पुस्तकात येणार नाही. ही अट माहीत झाली की वाचण्याची रीतच बदलते. पानोपानी प्रश्न पडतो, हे कुठे घडलं होतं?

कादंबरीतल्या अमेरिकेत कट्टर धर्मवादी राष्ट्राध्यक्षांची आणि संसदेची हत्या करून सत्ता बळकावतात. राज्यघटना स्थगित होते आणि ‘गिलियड’ नावाचं राज्य उभं राहतं. जन्मदर घसरलेला असतो. म्हणून ज्यांना मूल होऊ शकतं अशा स्त्रियांना लाल झगे घालून अधिकाऱ्यांच्या घरी मुलं जन्माला घालण्यासाठी ठेवलं जातं. आधार काढला जातो तो बायबलमधल्या राहेल आणि तिची दासी बिल्हा यांच्या कथेचा. स्त्रियांना वाचायला बंदी, इतकी की दुकानांच्या पाट्यांवर अक्षरांऐवजी चित्रं येतात. आणि या स्त्रियांना वठणीवर आणण्याचं काम स्त्रियांवरच सोपवलेलं असतं.

मला स्वतःला सगळ्यात हादरवतो तो फाशीचा प्रसंग नव्हे, बँकेचा. नायिका सिगारेट घ्यायला जाते आणि तिचं कार्ड चालत नाही. त्याच दिवशी ग्रंथालयातली तिची नोकरी जाते. तिच्याबरोबरच्या सगळ्या बायकांचीही. खात्यातले पैसे नवऱ्याच्या किंवा जवळच्या पुरुष नातेवाइकाच्या ताब्यात जातात. रात्री नवरा धीर देतो, मी आहे ना तुझी काळजी घ्यायला. तो वाईट माणूस नाही, प्रेमळ आहे. तरीही तिच्या मनात येतं, याला या बदलाचं फारसं दुःख झालेलं नाही. हुकूमशाही माजघरापर्यंत कशी पोहोचते, हे या दोन-तीन पानांइतकं नेमकं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. यातही कल्पनेचा भाग थोडाच आहे. स्त्रीला कर्ज देताना बँकांनी भेदभाव करू नये, असा कायदा अमेरिकेत १९७४ साली आला. त्याआधी नवऱ्याची सही मागण्याचा रिवाज सर्रास होता. म्हणजे कादंबरीच्या अवघी अकरा वर्षं आधी!

गर्भाशयावर सरकारी ताबा कसा असतो, हे पाहायला तर बर्लिनहून फार लांब जावं लागत नव्हतं. रोमानियात निकोलाय चाउशेस्कूच्या सरकारने ऑक्टोबर १९६६ मध्ये ७७० क्रमांकाचा फतवा काढला. लोकसंख्या वाढवायची म्हणून गर्भपातावर बंदी आली. चार मुलं झालेल्या किंवा पंचेचाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांना सूट होती. गर्भनिरोधकं बाजारातून जवळपास नाहीशी झाली, मूल नसलेल्यांवर जादा कर बसला. पुढे तर कारखान्यांमध्ये कामगार स्त्रियांची तपासणी होऊ लागली, कोणी गरोदर आहे का आणि असेल तर गर्भ टिकतो का, हे पाहण्यासाठी. पहिल्याच वर्षी जन्म जवळजवळ दुप्पट झाले. मग चोरून केलेल्या गर्भपातांनी बळी घ्यायला सुरुवात केली. सुमारे १०,००० स्त्रिया गेल्या असा अंदाज आहे. २५ डिसेंबर १९८९ ला चाउशेस्कूला गोळ्या घातल्या गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी हा फतवा रद्द झाला.

अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीने कैदेतल्या स्त्रियांची बाळं हिरावून आपल्या मर्जीतल्या घरांत वाटली, तेही गिलियडमध्ये आहे. मात्र एका बाबतीत पुस्तक तोकडं पडतं, हे म्हटलंच पाहिजे. अक्षरबंदी, लादलेली बाळंतपणं, तोडून नेलेली मुलं हे सारं अमेरिकेतल्या गुलाम कृष्णवर्णीय स्त्रियांनी पिढ्यान् पिढ्या सोसलं. कादंबरी हे अनुभव घेते, पण कृष्णवर्णीयांना ओझरत्या उल्लेखात कथेबाहेर पाठवते.

अॅटवूड या वाटेवर पहिल्या नव्हत्या. १९३७ मध्ये, ऑर्वेलच्या ‘१९८४’ च्या बारा वर्षं आधी, ‘स्वस्तिका नाइट’ ही कादंबरी मरे कॉन्स्टंटाइन या पुरुषी नावाने निघाली. नाझी सत्तेला सातशे वर्षं लोटलेली आहेत आणि डोकी भादरलेल्या बायका कोंडवाड्यात केवळ प्रजननासाठी ठेवल्या आहेत, असं तिचं जग. लेखिका होत्या कॅथरिन बर्डेकिन. १९६३ मध्ये त्या वारल्या. त्यांचं खरं नाव जगाला कळलं ते १९८० च्या दशकात. आपल्याकडे मंजुळा पद्मनाभन यांनी २००८ मध्ये ‘एस्केप’ या इंग्रजी कादंबरीत स्त्रियाच संपवून टाकलेला देश रंगवला. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ साली ज्या महाराष्ट्राला करावा लागला, तिथल्या वाचकाला ती परकी वाटू नये.

२०१७ पासून टेक्सास, अर्जेंटिना, पोलंड अशा ठिकाणी स्त्रिया लाल झगे घालून निदर्शनांत उतरल्या. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतल्यावर हे पुस्तक पुन्हा हातोहाती फिरलं. आता ते उघडणाऱ्यांना एक विनंती. शेवटी ‘ऐतिहासिक टिपणं’ नावाचं प्रकरण आहे. २१९५ सालच्या एका परिषदेत विद्वान मंडळी नायिकेच्या ध्वनिफितींवर चर्चा करतात, कोट्या करतात, आणि तिच्यापेक्षा तिच्या मालकाची ओळख पटवण्यातच त्यांना जास्त रस असतो. परिशिष्ट समजून अनेक जण ते सोडून देतात. तुम्ही सोडू नका.