मोजणीतली अनिश्चितता – लेखांक 5 : चाळणीनंतर उरलेल्या घटना

मागच्या आठवड्यात आपण पाहिले, की एकमेकींशी संबंध नसलेल्या घटना मोजल्या तर अनिश्चितता त्या आकड्याच्या वर्गमुळाइतकी असते. 10,000 घटना असतील, तर 100. आता त्यातून निवड केली की काय होते?

इंदूरकरांना हा प्रश्न परका नाही. सर्नच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरचे अवजड चुंबक ज्या जॅकवर अचूक बसवले आहेत, ते आपल्या इंदूरच्या आरआरकॅट या संशोधन केंद्रात विकसित झाले; सात हजारांहून अधिक जॅक भारतातून गेले. त्याच यंत्रावरच्या ‘ॲलिस’ प्रयोगात आयआयटी इंदूरचा गट काम करतो.

उदाहरणार्थ, ॲलिसमध्ये फाय मेसॉन हा कण थेट दिसत नाही. जवळपास निम्म्या वेळा तो विरुद्ध भारांच्या दोन केऑन कणांमध्ये फुटतो, म्हणून केऑनच्या जोड्या शोधाव्या लागतात. त्यासाठी कट, म्हणजे निवडीच्या अटी, लावतात: टक्कर शोधकाच्या मध्यापासून 10 सेंटिमीटरच्या आत झालेली हवी, कणाच्या मार्गाची नोंद शोधकाच्या निदान 70 ओळींत हवी, त्याने गमावलेली ऊर्जा केऑनला शोभणारी हवी.

समजा, 10,000 पैकी 6,400 घटना उरल्या. अनिश्चितताही 64 टक्क्यांवर येऊन 64 झाली, असे वाटेल. ती 80 असते. प्रत्येक घटना स्वतंत्रपणे कटमधून पार होते किंवा अडकते, त्यामुळे उरलेली मोजणी ही मुळातच थोड्या विरळ घडणाऱ्या घटनेची मोजणी ठरते आणि तिला तिचेच वर्गमूळ लागू होते. अडकलेल्या 3,600 घटनांची अनिश्चितता 60. आता 80 आणि 60 यांच्या वर्गांची बेरीज करून पाहा: नेमका 100 चा वर्ग मिळतो. मला हा हिशेब फार सुंदर वाटतो. चाळणीने एकूण अनिश्चितता वाढवली नाही, घटवली नाही, फक्त वाटून दिली.

खरी गफलत पुढे होते. कटची कार्यक्षमता किती, असे विचारले की प्रश्नच बदलतो. इथे 10,000 हा आकडा ठरलेला आहे. त्यातल्या किती पार होतील, एवढेच दैवाधीन. उत्तर 64 टक्के, अनिश्चितता सुमारे 0.48 टक्का. पण 10,000 आणि 6,400 हे दोन वेगळे नमुने समजून दोघांची वर्गमुळे गुणोत्तरात घातली, तर तीच अनिश्चितता 1.02 टक्का निघते. हे चूक आहे, कारण 6,400 घटना त्या 10,000 मधल्याच आहेत.

हा फरक किरकोळ नाही. समजा, संगणकीय प्रतिरूप म्हणते की 66 टक्के घटना पार व्हायला हव्यात (प्रतिरूपाची स्वतःची अनिश्चितता नगण्य धरू). चुकीच्या हिशेबाने दोन टक्क्यांची ही तफावत जेमतेम दोन सिग्मा, म्हणजे अनिश्चिततेच्या दुप्पट. योगायोग म्हणून सोडून देण्याजोगी. बरोबर हिशेबाने ती चार सिग्मांहून जास्त. म्हणजे प्रतिरूपाला शोधक नीट कळलेला नाही, आणि त्यावरून दुरुस्त केलेला प्रत्येक आकडा संशयास्पद. फुगवलेली अनिश्चितता सावधगिरीसारखी दिसते, पण ती दोष झाकते. माझ्या मते ती कमी दाखवलेल्या अनिश्चिततेइतकीच घातक आहे.

केऑनच्या जोड्यांमध्ये योगायोगाने जुळलेल्या पुष्कळ असतात. ती पार्श्वभूमी वजा केल्यावर उरलेल्या संकेताला नुसते वर्गमूळ पुरत नाही. तो हिशेब पुढच्या लेखांकात. तोवर 2,500 पैकी 900 घटना पार झाल्या, असे धरून वरची सर्व गणिते वाचकांनी स्वतः करून पाहावीत.