शिकवणीचा तास आणि खेळाचा तास

2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या झाल्या आणि पृथ्वीराज मोहोळ ह्यांनी किताब पटकाविला. गादी विभागातील एका लढतीत पाठ टेकली की नाही, ह्यावर मोठा वाद माजला व तो पेढ्या-दुकानांतूनही रंगला. मल्लविद्येविषयी नगरकरांची ही आस्था पाहून आम्हांस संतोष वाटला. परंतु पाठ टेकल्याचा निर्णय इतक्या अधिकाराने देणाऱ्या गृहस्थांपैकी कितीजणांची मुले त्या आठवड्यात एकदा तरी मैदानावर गेली होती? सकाळी शाळा, दुपारी शिकवणी, सायंकाळी दुसरी शिकवणी आणि रात्री हातात मोबाईल, हा सुखवस्तु घरांतील मुलांचा आजचा दिनक्रम होय. शाळा हाकेच्या अंतरावर असली तरी चिरंजीव वडिलांच्या स्कूटरवरूनच जावयाचे!

खेळाने पोट भरत नाही, उलट वर्ष मात्र बुडते, असे उत्तर आम्हांस मिळेल. वर्ष बुडविल्याचे प्रसिद्ध उदाहरण लोकमान्यांचेच आहे. 1873 साली डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा त्यांची प्रकृती अगदीच तोळामासा होती. पहिले वर्ष त्यांनी व्यायामात घालविले आणि परीक्षेवर पाणी सोडले. (वडील आदल्याच वर्षी वारले होते, ते असते तर काय म्हणाले असते, ह्याचा तर्क वाचकांनीच करावा.) पुढे बावन्नाव्या वर्षी मंडालेची सहा वर्षांची शिक्षा सोसावयास हेच कमावलेले शरीर उपयोगी पडले.

आम्ही पालकांकडे वर्ष मागत नाही. रोजचा एक तास मागतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी सांगितलेले प्रमाण दररोज सरासरी 60 मिनिटांचेच आहे. त्यात आठवड्यातून 3 दिवस तरी दम लागेल व हाडे-स्नायू बळकट होतील असा व्यायाम असावा. 2016 च्या आकड्यांप्रमाणे जगातील 11 ते 17 वर्षांच्या दर 5 मुलांपैकी 4 मुले हे प्रमाण गाठीत नव्हती, आणि मुलींची स्थिती मुलांहूनही वाईट होती. आमच्याकडे मुलगी बाराव्या-तेराव्या वर्षास पोहोचली की तिचे मैदान बहुधा बंद होते. मंगळागौरीस रात्रभर फुगड्या घातलेल्या चालतात, मग दिवसाढवळ्या खो-खो का खपू नये, हे कोडे आम्हांस आजवर उलगडलेले नाही.

मात्र हा उपदेश सर्वांस सारखा लागू नाही. पाथर्डी-शेवगावकडील ऊसतोड कुटुंबांची कित्येक मुले हंगामात आईबापांबरोबर फडावर जातात व हाती पडेल ते काम करतात. त्यांस व्यायामाचा महिमा सांगणे ही क्रूर थट्टा होय. त्यांस हवे आहे पोटभर अन्न, विसावा आणि शाळा.

आता दुसऱ्या टोकाचे पालक पाहू. मुलाने बॅट धरली न धरली तोच त्याचा अजिंक्य रहाणे करण्याचा संकल्प हे सोडतात, आणि खेळ ही तिसरी शिकवणी होऊन बसते. रहाणे आमच्याच संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दचे. त्यांचे बालपण डोंबिवलीत गेले. रिक्षाला रोज पैसे नसत, म्हणून आई एका हाती धाकटे मूल व दुसऱ्या हाती खेळाची पिशवी घेऊन त्यांना सरावास पायी नेत असे, असे त्यांनीच सांगितले आहे. उत्तेजन द्यावयाचे ते असे: पिशवी आपण वाहावी, बॅट मुलाकडे राहू द्यावी. जो खेळ मुलास रुचत नाही तो त्याच्या गळ्यात बांधू नये. हरून आलेल्या मुलास जेवताना हिशेब विचारू नये.

शाळेस क्रीडांगण असावे, असे 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातच लिहिले आहे. परंतु कायदा मैदान देईल. तेथे जाण्यास मोकळा वेळ तो देऊ शकत नाही. तो शिकवण्यांनी गिळला आहे. पालकांनी एकजुटीने शिकवणीचालकांस सांगावे की, सायंकाळी 5 ते 6 वर्ग भरवू नयेत. फी देणारे आपणच आहोत, आणि गिऱ्हाइकांनी एकमुखाने केलेली मागणी दुकानदार किती दिवस नाकारतो, हे आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही सांगावयास नको.