पाठीवरचा पट्टा आणि छातीतला श्वास

मालवण-तारकर्लीच्या समुद्रात हौसेने एकदा बुडी मारून येणाऱ्या पर्यटकाला पाठीवरच्या सामानाचा विचार करावा लागत नाही. तयार जाकीट अंगावर चढवले जाते आणि प्रशिक्षक त्याला धरूनच खाली नेतो. पण या छंदाची गोडी लागलेले काही जण पुढे रीतसर प्रशिक्षण घेतात, नेत्राणी, लक्षद्वीप किंवा अंदमानला जाऊ लागतात आणि मग स्वतःची उपकरणे विकत घेतात. त्यांपैकी अनेकांची नजर जाकिटाऐवजी ‘बॅकप्लेट हार्नेस’वर जाते. तो निवडताना रंग आणि किंमत पाहिली जाते. आपली छाती, खांदे आणि पाठ यांचा विचार मात्र क्वचितच होतो.

बॅकप्लेट म्हणजे पाठीला टेकणारी धातूची पट्टी. तिच्या मागे हवा भरायची पिशवी म्हणजे ‘विंग’ आणि सिलिंडर बसतो. पुढून सुमारे ५ सेंटिमीटर रुंदीचा नायलॉनचा पट्टा खांद्यांवरून आणि कमरेभोवती जातो. दुसरा पट्टा जांघेतून पुढे येऊन कमरपट्ट्याला अडकतो. फ्लोरिडातील पाण्याने भरलेल्या गुहांमध्ये उतरणाऱ्या पाणबुड्यांनी ही पद्धत रूढ केली. त्यांच्यातील विल्यम हॉगार्थ मेन यांच्या नावावरून एकसलग पट्ट्याच्या साध्या रचनेला ‘हॉगार्थियन’ म्हणतात. खांद्यावर बक्कल नाही, कमरेला एकच बक्कल. मोडण्यासारखे भाग कमी, हा तिचा गुण. पण पट्टा अंगाच्या मापाने ओवावा लागतो, आणि चुका तिथेच होतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘घट्ट तेवढे सुरक्षित’ हा समज. तो दुचाकीच्या हेल्मेटला लागू पडेल, हार्नेसला नाही.

पाण्यात छातीचे काय होते?

गळ्यापर्यंत पाण्यात उतरले की पायांकडचे सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त छातीकडे सरकते. फुप्फुसांना फुगायला जागा थोडी कमी उरते. जसजसे खोल जावे, तसतशी श्वासात घेतलेली हवा दाट होते. १० मीटरवर तिची घनता दुप्पट, तर ३० मीटरवर चौपट होते. दाट हवा आत-बाहेर करायला स्नायूंना जास्त श्रम पडतात. ३० मीटर खोलीवर जोरजोरात श्वास घेण्याची माणसाची कमाल क्षमता जमिनीवरच्या जवळपास निम्मी उरते.

अशा वेळी बरगड्यांवर आवळलेला पट्टा असेल, किंवा कमरपट्टा पोटावर चढून श्वासपटलाला खाली सरकू देत नसेल, तर श्वास उथळ होतो. उथळ श्वासाने कार्बन डायऑक्साइड पुरेसा बाहेर पडत नाही. मग डोके ठणकते, हवा पुरत नाही असे वाटते, जीव घाबरा होतो. सिलिंडरमध्ये हवा भरपूर असूनही माणूस घाबरून एकदम वर धावतो. श्वास रोखून असे वर येण्याने फुप्फुस फाटू शकते. पाण्याखालच्या अशा घबराटीला सगळे ‘धीर नव्हता’ म्हणतात; पण तिच्या मुळाशी चुकीचा बसवलेला पट्टाही असू शकतो.

माप कसे जमवावे?

हार्नेस दुकानात टी-शर्टवर नव्हे, तर पाण्यात जो सूट घालणार त्याच्यावर जमवावा. प्लेटची वरची कड दोन्ही फऱ्यांच्या वरच्या भागात असावी. हात मानेमागे नेल्यावर बोटांना ती लागली पाहिजे. प्लेट फार खाली गेली तर सिलिंडरच्या झडपेपर्यंत हात पोहोचत नाही. फार वर आली तर डोके मागे टेकते आणि मान अवघडते.

खांद्याचे पट्टे काखेत रुतता कामा नयेत. पट्टा आणि छाती यांच्यामध्ये तीन-चार बोटे सहज सरकली पाहिजेत आणि हात बाहेर काढता आला पाहिजे. पट्ट्यावरच्या कड्या गळपट्टीच्या हाडाच्या थोड्या खाली, विरुद्ध हाताचा अंगठा सहज पोहोचेल अशा ठेवाव्यात. कमरपट्टा पोटाच्या घेरावर नाही, तर कमरेच्या हाडांच्या लगेच वर बसावा. तो बांधून खोल श्वास घेऊन पाहावा. श्वास अडला तर पट्टा सैल करावा. जांघेतल्या पट्ट्याचे काम प्लेटला डोक्याकडे सरकू न देण्याचे. सरळ उभे राहिल्यावर त्याने कमरेत वाकायला लावले, तर तो आखूड झाला आहे. खांद्याचे पट्टे सैल ठेवूनही प्लेट जागेवर राहते ती याच पट्ट्यामुळे. म्हणूनच तो काढून टाकून खांदे आवळणे हा उलटा उपाय आहे.

वजन वाढले, कमी झाले किंवा जाड सूट घेतला, की हे सारे नव्याने तपासावे. लहान चणीच्या व्यक्तींनी आखूड प्लेट शोधावी. लांब प्लेटची खालची कड माकडहाडाच्या वर टोचत राहते.

पोलाद की ॲल्युमिनियम?

पोलादी प्लेट साधारण अडीच ते तीन किलोची, ॲल्युमिनियमची सुमारे एक किलोची असते. पोलादी प्लेटमुळे कमरेला बांधायचे शिसे कमी होते आणि वजन फुप्फुसांच्या जवळ येऊन शरीर पाण्यात आडवे राहायला मदत होते. आडव्या शरीराला पाणी कापायला कमी श्रम पडतात. पण प्लेटचे वजन शिशासारखे अडचणीत टाकून देता येत नाही. उबदार पाण्यात पातळ सूट, पोलादी सिलिंडर आणि पोलादी प्लेट असा संच फार जड होऊ शकतो. विंग फुटली तरी पाय मारून वर येता येईल एवढेच वजन असावे, हा हिशेब प्रशिक्षकासमोर उथळ पाण्यात करून पाहावा. भरलेल्या सिलिंडरसह संच २० किलोंच्या वर जातो. पाठदुखीचा त्रास असलेल्यांनी तो बसूनच अंगावर घ्यावा, आणि परत येताना पाण्यातच उतरवून बोटीवर द्यावा.

एकसलग पट्ट्याला खांद्यावर बक्कल नसते, हे सोबत्यालाही माहीत हवे. बेशुद्ध माणसाचा संच काढताना कमरेचे बक्कल सोडून खांद्याचे पट्टे कापावे लागू शकतात. त्यासाठी पट्टा कापायचे छोटे हत्यार दोघांकडेही असावे. विंग बेशुद्ध माणसाचे तोंड पाण्याबाहेर ठेवीलच, याची हमी नाही.

मुंग्या आल्या तर

रुतलेल्या पट्ट्याने काखेजवळच्या नसा दबतात आणि हाताला मुंग्या येतात. जड पाठपिशवी वाहणाऱ्यांतही हे दिसते. सहसा संच उतरवला की थोड्या वेळात बरे वाटते. मात्र हाताला मुंग्या, बधिरपणा, खांदा दुखणे ही ‘डीकम्प्रेशन’च्या आजाराचीही लक्षणे आहेत. खोल पाण्यात रक्तात आणि पेशींत विरघळलेल्या नायट्रोजनचे वर येताना बुडबुडे होतात, त्यातून हा आजार होतो. बहुतेकांत तो वर आल्यावर काही तासांत दिसतो. ‘पट्टा रुतला असेल’ म्हणून मलम चोळत बसल्याने उपचाराची मोलाची वेळ निघून जाते आणि काहींना कायमचे अधूपण येऊ शकते.

म्हणून बुडीनंतरच्या मुंग्यांचा दोष स्वतःच पट्ट्यावर टाकू नये. आडवे व्हावे, बोटीवरचा शुद्ध ऑक्सिजन घ्यावा, पुन्हा पाण्यात उतरू नये, विमान पकडू नये आणि लगेच डॉक्टरांना बुडीची खोली आणि वेळ सांगावी. गरज पडल्यास दाबकक्षात उपचार करतात; मुंबईत नौदलाकडे अशी सोय आहे. ज्याचा हार्नेस नीट बसलेला आहे, त्याच्या मुंग्यांचे कारण शोधताना डॉक्टरांसमोरची एक शंका आधीच कमी झालेली असते. पट्टा जमवायला घालवलेल्या अर्ध्या तासाचा हाही एक फायदा आहे.