बियाणे घेताना बाळगावयाची सावधगिरी

सोलापूरकडील रब्बी ज्वारी जमिनीतील ओलीवर येते. बी उगवले नाही, तर ओल उडते व हंगाम हुकतो. म्हणून मोहोळला निवडलेल्या 'मालदांडी ३५-१' वाणाच्या नावाने अनोळखी इसम सुटे बी स्वस्तात देऊ लागल्यास घेऊ नये. १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशानुसार विक्रेत्याने परवाना व भाव दर्शनी लावून पावती दिली पाहिजे. टाळाटाळ हीच धोक्याची खूण होय. प्रमाणित बियाण्याची चिठ्ठी निळी असते. ज्वारीची उगवण किमान ७५ टक्के हवी. मुदत वाचावी. पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून कोंब मोजावेत. पिशवी खालून उसवावी. चिठ्ठी, पावती व थोडे बी काढणीपर्यंत जपावे. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करताना तोच पुरावा ठरतो.