आधी मापाची परीक्षा

वसईच्या बाजारात भाजी तोलण्यापूर्वी वजनकाटा शून्यावर आहे की नाही, हे सुज्ञ गिऱ्हाईक पाहून घेते. वस्तू तोलण्याआधी काटा तपासावा, हा नियम वारा मोजणाऱ्या उपकरणासही लागू आहे.

वसई गावातून समुद्रकिनाऱ्याकडे दुपारी सायकलने जाणाऱ्यास खारे वारे समोरून अडवितात. परतताना तेच वारे पाठीशी असतात. सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवा दूर सारण्यातच खर्च होते. समोरच्या हवेचा वेग दुप्पट झाला, की तिचा विरोध चौपट होतो. वाकून बसल्याने हा विरोध किती घटतो, हे जाणण्यासाठी सायकलच्या पुढील भागी एक लहान नळी बसवितात. समोरून येणारी हवा तिच्या तोंडाशी अडते व तेथे दाब वाढतो. आसपासच्या हवेच्या दाबापेक्षा तो किती अधिक आहे, यावरून हवेचा वेग काढतात. आँरी पितो या फ्रेंच अभियंत्याने १७३२ साली याच तत्त्वावरील नळीने नदीच्या प्रवाहाचा वेग मोजला होता.

परंतु नळीने दिलेला आकडा प्रारंभीच बिनचूक असेल, असे नाही. सायकलस्वाराच्या देहामुळे त्याच्या पुढची हवाही किंचित तुंबते व नळीला वेग कमी भासतो. म्हणून प्रथम नळीवर आच्छादन घालून वारा अडवावा आणि उपकरण शून्यावर आणावे. नंतर चाकावर खडूने खूण करून, स्वार बसलेला असताना एका फेऱ्यात सायकल किती अंतर जाते, ते मोजावे. त्यावरून जमिनीवरील वेग अचूक कळतो. मग एकाच सपाट रस्त्यावर, एकाच वेगाने, बसण्याची ढब न बदलता जावे व परत यावे.

समजा, चाकाप्रमाणे वेग ताशी २० किलोमीटर आहे. नळी जाताना २२.५ दाखविते व येताना १३.५. वारा जाताना जितकी भर घालतो, तितकीच घट येताना करतो. म्हणून दोहोंची सरासरी २० यावयास हवी. ती येते १८. तेव्हा नळीच्या प्रत्येक आकड्यास १८ ने भागून २० ने गुणावे. आता ते आकडे २५ व १५ होतात, आणि वाऱ्याचा वेग ताशी ५ किलोमीटर होता, हेही उलगडते. वारा मध्येच बदलला, तर हा हिशेब फसतो. यास्तव सकाळच्या शांत वेळी अनेक फेऱ्या कराव्या. उष्ण हवा विरळ असते. म्हणून तापमान व हवेचा दाब यांचीही नोंद ठेवावी.

नळी थोडी सरकली किंवा बसण्याची ढब बदलली, तर ही दुरुस्ती नव्याने काढावी लागते. ती न काढल्यास उपकरणाची चूक स्वाराच्या ढबीचा गुण वा दोष म्हणून नोंदली जाईल. निकालावर विश्वास ठेवण्यापूर्वी मापाची परीक्षा करणे, हे मोजणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.